आपल्या मुलींनी हे शास्त्र शिकलं पाहिजे

(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही प्रोफेसर नाही. १९८२ चा संप झाला, वडील गिरणीतून घरी बसले आणि आमची शाळा सुटली. पुढं आम्हीही बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. जे काही वाचन झालं ते पाळी सुटल्यावर, याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा बोलण्यात काही उणं-अधिक झालं तर पदरात घ्या.

यंदा आपल्या वस्तीतली एक मुलगी समाजशास्त्रात एम.ए.ला गेली. पुढं स्त्री-अभ्यास आणि गुन्हेगारीशास्त्र हे विषय घेऊन संशोधन करायचं आणि प्राध्यापक व्हायचं, असं तिनं ठरवलंय. तिचं नाव आम्ही घेत नाही, तिला ते आवडणार नाही. पण नळावर चर्चा सुरू झालीच. "पोरगी पोलिसात जाणार का?" "गुन्हेगारांच्या नादाला मुलीच्या जातीनं कशाला लागायचं?" "समाजशास्त्रानं पोट भरतं का? त्यापेक्षा नर्सिंग कर." एक स्थळही चालून आलंय. तिचे वडील आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही वाचता-लिहिता, तुम्हीच सांगा काय करू." त्यांना द्यायचं उत्तर आम्ही आज सर्वांसमोर देतो, कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

आधी आमची एक चूक कबूल करतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला या मुलीला वस्तीची पाहणी करायची होती. ती कागद घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, घरात मारहाण होते म्हणून समितीकडे आजवर किती बायका आल्या? वहीत नोंद असेल ना?" आम्ही वह्या काढल्या. जयंतीची वर्गणी आहे, लाउडस्पीकरचं भाडं आहे, खीरदानाच्या तांदळाचा हिशेब पायलीपर्यंत आहे. बायकांची नोंद? एकही नाही. म्हणजे कुणी आलीच नव्हती का? आल्या होत्या. आम्हालाच चार-पाच जणी आठवतात. एक बाई तर डोक्याला पट्टी बांधून आली होती. आम्ही काय केलं? नवऱ्याला बोलावलं, चहा पाजला, "बाई, समजुतीनं घे, वस्तीची अब्रू आहे" म्हणून घरी पाठवलं. ती चौकीवर गेली तर तिथंही अदखलपात्र नोंदीचा कागद हातात देऊन वाटेला लावलं. पुढं ती दोन लेकरं घेऊन वस्ती सोडून गेली. आज ती कुठं आहे, आम्हाला माहीत नाही. वहीत नव्हतं म्हणून आम्ही ते विसरून गेलो होतो. एका मुलीच्या एका प्रश्नानं ते समोर आलं.

तर मंडळी, हे शास्त्र म्हणजे नेमकं हेच. जे घडतं पण वहीत येत नाही ते शोधायचं, आणि ते का येत नाही ते विचारायचं.

गिरणीतल्यांना आमच्या भाषेत सांगतो. तागा घडी खात्यात गेला आणि खोट सापडली की पहिला ओरडा साचेवाल्याला. पण खोट दरवेळी साच्यात नसते. कधी सूतच कच्चं असतं, कधी खळ नीट बसलेली नसते, कधी खात्यातली हवा कोरडी असते. जाणता जॉबर मागं मागं जात कारण शोधतो. पोलीस आणि कोर्ट तागा बघतात. गुन्हेगारीशास्त्र सुतापर्यंत मागं जातं. माणसानं गुन्हा का केला, अमुक गोष्टीला गुन्हा म्हणायचं हे कुणी ठरवलं, शिक्षा कुणाला होते आणि सुटतं कोण, हे ते विचारतं. स्त्री-अभ्यास त्यात आणखी एक प्रश्न घालतो: या सगळ्यात बाई कुठं आहे?

हे खूळ परदेशातून आलं, असं कुणी समजू नये. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या खुनाबद्दल सुरतेच्या कोर्टानं फाशी सुनावली. पुढं अपिलात फाशी टळली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या वागणुकीवर तोंडसुख घेतलं. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून विचारलं, की पुनर्विवाहाची वाट बंद कुणी केली? दोष एकट्या बाईचाच कसा? आणि जोतिराव-सावित्रीबाईंनी तर १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. अडलेल्या विधवेनं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल तिथं ठेवावं. बाईला फासावर देण्याऐवजी गुन्ह्याचं कारणच काढून टाकायचं. त्या काळी याला कुणी गुन्हेगारीशास्त्र म्हणत नव्हतं इतकंच.

बाबासाहेब पंचवीस वर्षांचे असताना, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीसंस्थेवर निबंध वाचला. आपल्यापैकी पुष्कळांनी तो कपाटात पाहिलाय, उघडला थोड्यांनी. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. आणि ते बंधन टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही गोष्टी बाईवर लादल्या गेल्या, असं त्यांनी त्यात मांडलं. म्हणजे जातीचं कुलूप बाईच्या अंगावर लावलेलं आहे. हे समाजशास्त्र आहे आणि तोच स्त्री-अभ्यासही आहे. मग आपल्या मुलीनं तो विषय घेतला तर नवल कसलं?

आता परदेशाकडे बघू. इटलीत लोंब्रोझो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी होणाऱ्या जावयाबरोबर १८९३ साली गुन्हेगार स्त्रियांवर पुस्तक काढलं. तुरुंगातल्या बायकांच्या कवट्या मोजून गुन्हेगारी जन्मजात असते असं ठरवायचा तो प्रयत्न. आपल्याकडे इंग्रजांनी त्याच्याही आधी, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमातींच्या कपाळावर शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का अजून पुसला नाही. आमच्या पारधी बांधवांना विचारा. जन्मावरून माणूस ठरवायचा हा रोग आपल्याला चांगला ओळखीचा आहे.

या विचाराला उत्तर द्यायला बायकांनाच विद्यापीठात जावं लागलं. इंग्लंडच्या कॅरोल स्मार्ट यांनी १९७६ साली पुस्तक लिहून गुन्हेगारीशास्त्रानं बायकांकडे कसं दुर्लक्ष केलं ते दाखवलं. हवाई बेटांवर मेडा चेस्नी-लिंड नावाच्या समाजशास्त्रज्ञ आहेत. हवाई विद्यापीठात त्या स्त्री-अभ्यासाच्या प्राध्यापक झाल्या आणि जन्मभर गुन्हेगारीशास्त्रात काम केलं. तरुणपणी त्यांनी होनोलुलूच्या बालन्यायालयाचे जुने कागद तपासले. काय सापडलं? घरातून पळाली, 'वागणूक बरी नाही', एवढ्यासाठी मुलींना कोर्टासमोर उभं केलेलं, आणि वर मुलींची शरीरतपासणी! हे त्यांनी १९७३ साली छापून आणलं. पुढं त्यांनी दाखवलं, की पळणाऱ्या पुष्कळ मुली घरातल्याच अत्याचारातून सुटायला पळत होत्या. जीव वाचवायला पळाली तोच तिचा गुन्हा ठरला. आपल्या वस्तीत एखादी मुलगी घर सोडून जाते तेव्हा आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "कुणाबरोबर गेली?" "कशामुळं गेली?" असं कितीजण विचारतात?

आपल्या राज्यातही हेच. १९७२ च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. तोच मथुरा खटला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं, पण १९७८ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्यातलं एक कारण. ठाण्यात, वर्दीपुढं, एका मजूर मुलीनं किती झटापट करायची? १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. अभ्यासाचा कागद आणि रस्त्यावरचा मोर्चा एकत्र आले म्हणून तो बदलला, हे लक्षात ठेवा. मोर्चे आपण पुष्कळ काढले. कागद तयार करणारी माणसं मात्र कमी पडली.

ती किती कमी पडली हे खैरलांजीनं दाखवलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना ठार मारलं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनाबद्दल शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटी कायद्याचा गुन्हा सिद्ध धरला नाही. खून दिसला, खुनामागची जात कोर्टाच्या कागदावर आली नाही. ती कागदावर कशी आणायची, पंचनामा कुठं कच्चा राहतो, साक्ष कुठं तुटते, हे शिकलेली माणसं आपल्याला हवीत. आणि त्यात बाया हव्यात.

आता पोटापाण्याचा प्रश्न. तो खोटा नाही, म्हणून सरळ बोलतो. वाट लांब आहे. एम.ए., मग नेट किंवा सेट, मग पीएच.डी. आठ-दहा वर्षं सहज जातात. कॉलेजात कायमच्या जागा कमी, तासिका तत्त्वावर राबवून घेतात. आमची जन्मभर बदली, तिचीही काही वर्षं बदलीच, असं समजा. पण वाट बंद नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, नेटमधून यूजीसीची फेलोशिप मिळू शकते, संशोधनासाठी बार्टीची फेलोशिप आहे. आणि काम फक्त वर्गात नसतं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथं पोलिसांशेजारी शिकलेली समाजकार्यकर्ती बसते आणि पीडित बाईचं म्हणणं ऐकते. आमच्या वस्तीतल्या त्या बाईला अशी एक खुर्ची मिळाली असती, तर? शिवाय तुरुंगात काम आहे, कोर्टात आहे, वस्तीत आहे.

आणि या वाटेवर आधी कुणी चाललं नाही असंही नाही. नीरा देसाई या समाजशास्त्राच्या प्राध्यापक. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात १९७४ साली त्यांनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं, तेव्हा देशात या विषयाला विद्यापीठाचं दार उघडलं. पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाईंच्या नावाच्या केंद्रात शर्मिला रेगे होत्या. त्या आपल्या समाजात जन्मलेल्या नव्हत्या. तरी दलित बायकांची आत्मकथनं त्यांनी अभ्यासक्रमात आणली, आपले जलसे, आपली गाणी, चैत्यभूमीवर मिळणाऱ्या पातळ पुस्तिका यांना ज्ञान मानलं. २०१३ साली, अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांनी जागा करून ठेवली. त्या जागेवर आपल्या मुलींनी बसायचं की नाही, हे आता आपल्याला ठरवायचंय.

एक आकडा सांगून संपवतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या शंभरात फक्त चौदा. बाकीच्या शहाऐंशी? त्या सरकारच्या वहीत नाहीत, पोलिसांच्या नाहीत आणि आपल्याही वहीत नाहीत. त्या या मंडपात बसलेल्या असू शकतात.

म्हणून समितीपुढं तीन गोष्टी ठेवतो. एक, उद्यापासून एक वेगळी वही. ती दोन बायकांच्या ताब्यात, आम्हा पुरुषांच्या नाही. दोन, कुठलीही बाई तक्रार घेऊन आली तर मिटवामिटवी बंद. तिच्याबरोबर चौकीवर जायचं आणि नोंद झाल्याशिवाय परत यायचं नाही. तीन, यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतला एक भाग या मुलीच्या आणि तिच्या मागून येणाऱ्यांच्या पुस्तकांना. लाउडस्पीकर एक कमी लावू.

आणि तिच्या वडिलांना आमचं उत्तर: दादा, स्थळं येत राहतील. तिला शिकू द्या. ती गुन्हेगारांच्या नादाला लागलेली नाही. आपण जे झाकून ठेवलं ते ती उघडून बघणार आहे. त्यात आपलंही नाव निघेल. निघू द्या.

जयभीम!