नाक्यावर उरलेला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कल्याणहून माळशेज घाट चढून वर आलं, की जुन्नर तालुक्यात मढ हे गाव लागतं. पावसाळ्यात या बाजूला भात, नाचणी, वरई. भाताची झोडणी आटोपली, की मढपासून थेट आंबेगावच्या डोंगरापर्यंतची महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं कामाच्या शोधात पूर्वेकडं, बागाईत भागात उतरतात. कुणी ओतूरला थांबतं, कुणी आळेफाट्याला. पुष्कळजण नारायणगावला जातात.

नारायणगावला सकाळी मजुरांचा बाजार भरतो. मंडळी, बाजार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. शेतकरी गाड्या घेऊन येतात. कुणाला कांदा लावायला माणसं हवी असतात, कुणाला टोमॅटो तोडायला, कुणाला द्राक्षाच्या विरळणीला. भाकरीचं फडकं आणि विळा-खुरपं घेतलेल्या बायाबापड्यांशी घासाघीस होते. उजाडताना मजुराचा शब्द चालतो. ऊन वर आलं, की समोरच्याचा. कारण जो अजून उभा आहे त्याचा दिवस बुडणार, आणि वर एस.टी.चं भाडं अंगावर बसणार. अशा वेळी तो मिळेल त्या दरावर ‘हो’ म्हणतो.

आता प्रश्न असा, की दोघंही ‘हो’ म्हणाले ना? मग अन्याय कुठं झाला?

याच प्रश्नाला १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी उत्तर दिलं. त्यांच्या परिपत्रकाचं लॅटिन नाव ‘रेरुम नोव्हारुम’, म्हणजे ‘नव्या गोष्टींविषयी’. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मालक आणि मजूर यांनी आपसात खुशाल करार करावा, पण काटकसरीनं राहणाऱ्या कामगाराचं पोट भरेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे, हा न्याय त्या कराराच्याही वरचा आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीनं कुणी कमी मजुरी पत्करली, तर ती त्याची संमती नव्हे; ती त्याच्यावर झालेली जबरदस्ती.

कम्युनिस्ट जाहीरनामा १८४८चा. म्हणजे कॅथलिक धर्मपीठाला बोलायला आणखी त्रेचाळीस वर्षं लागली, आणि बोलतानाही पोपनी खासगी मालमत्तेची बाजू सोडली नाही, समाजवादाला विरोधच केला. तरीही मजुरी ही निव्वळ बाजारभावाची गोष्ट नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. २०२५ साली निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतलं, तेही या परिपत्रकाची आठवण ठेवून.

आपल्याकडं तोवर नारायण मेघाजी लोखंडे यांचं काम उभं राहिलं होतं. सत्यशोधक चळवळीतल्या या माणसाचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. १८८४ साली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांच्या पुढाकारानं तयार झाला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई, अशा मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पोपच्या परिपत्रकातही रविवारच्या विश्रांतीचा आग्रह आहे, पण ते आलं त्यानंतर अकरा महिन्यांनी! रोजंदारीवाल्यांना मात्र तो रविवार अजून गवसलेला नाही. त्यांच्या भाषेत सुट्टीला ‘खाडा’ म्हणतात.

ख्रिस्ताची एक दृष्टान्तकथा मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे नाक्यावर जातो आणि एक दिनार ठरवून मजूर आणतो. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. पुढं दिवसभरात तो आणखी तीनदा जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा एकदा. तेव्हाही काही माणसं उभीच असतात. का उभे, असं विचारल्यावर ती सांगतात, की आम्हाला कुणी नेलंच नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना एकेक दिनार देतो. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुरतात, आणि मला ती कुरकुर अगदी समजते. या कथेचा धार्मिक अर्थ देवाच्या कृपेशी जोडतात. पण द्राक्षबागांच्या नारायणगावात ती कथा वाचली, की पहिल्यांदा नजरेला येतो तो उरलेला माणूस. बहुधा म्हातारा, किंवा कडेवर मूल असलेली बाई. तास एक भरला तरी भूक अख्ख्या दिवसाचीच असते.

मग सगळा दोष शेतकऱ्याचा का? टोमॅटोचा भाव पडला, की तोही तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून माल वावरातच सोडतो. इथं दुसरे एक पोप, जॉन पॉल दुसरे, उपयोगी पडतात. जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये तरुणपणी त्यांनी दगडाच्या खाणीत आणि मग रसायनांच्या कारखान्यात काम केलं होतं. १९८१च्या त्यांच्या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी कल्पना आहे. मजुराच्या हातावर पैसे ठेवणारा तो प्रत्यक्ष मालक. पण ती मजुरी किती असू शकेल हे ज्यांच्या धोरणांनी, कायद्यांनी, व्यवहारांनी ठरतं, ते सगळे अप्रत्यक्ष मालक. त्यांत सरकार आलं, व्यापारी आले. मंडईत टोमॅटोच्या भावावरून हुज्जत घालणारे तुम्ही-आम्हीही आलो, असं मी म्हणेन.

सरकारनं ही जबाबदारी एकदा उचलली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारीभत्ता. आंबेगावच्या डोंगरात ‘पडकई’ची जुनी रीत आहे. चार घरांनी मिळून एकेकाच्या उतारावर दगडाचे बांध घालायचे आणि भातखाचरं काढायची. ही पडकई रोजगार हमीत बसवून घेतली गेली. तिथं माणसाला मजुरी मिळाली, आणि वर स्वतःच्या रानात खाचरही राहिलं. पुढच्या आषाढात त्याच खाचरात त्यानं आवण लावलं. त्या सकाळी नाक्यावर एक माणूस कमी होता.