बारा दिवसांचा हंगाम
(मंडळाच्या श्रावणातील मंगळागौर कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती तोंडावर आले असताना आम्ही संक्रांतीची गोष्ट सांगायला उभ्या राहिलो आहोत, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आमच्या धंद्याची जमाखर्चाची वही आम्हाला आत्ताच उघडावी लागते. म्हणून ही वेळ.

आम्ही चौघी मल्हारगंजात हलव्याचे दागिने करतो. तुमच्यापैकी अनेकींनी आपल्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला, नातवंडांच्या बोरन्हाणाला ते आमच्याकडून नेले आहेत. तन्मणी, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा, बाळकृष्णाचा मुकुट आणि बासरी, जावईबापूंचा हार हे सगळं तुमच्या फोटोंच्या अल्बममध्ये असेलच. दागिना सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण परात कोणी पाहिलेली नसते. आज परातीविषयी सांगतो.

हलवा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत मंद निखाऱ्यावर ठेवायचा, त्यावर चमचा चमचा साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. एक थर वाळला की दुसरा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की पाक पिवळा पडतो. काटा यायला दोन-चार दिवस लागतात, आणि तोही हवेने साथ दिली तर. कोरडी थंडी हवी. या बाबतीत आपली इंदूरची पौषातली हवा मुंबईच्या दमट हवेपेक्षा पुष्कळ उदार आहे. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकूंच्या बोटांची टोकं थंडीभर भाजलेली असतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "काटा बोटाला टोचायला लागला की समजायचं, जमला."

साखर, तीळ सियागंजातून येतात. पुठ्ठा, जर, धागा बाजारातून. इथवर सोपं. अवघड आहे ते विकणं.

हलव्याच्या दागिन्यांना गिऱ्हाईक मिळतं ते संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. हा काळ दरवर्षी सारखा नसतो, हे आम्ही स्वतः पंचांग बाळगणाऱ्या घरांतल्या असूनही ध्यानात घेतलं नव्हतं. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे चांद्र तिथी. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ती दरवर्षी अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा लांब जाते. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, आम्हाला ३३ दिवस मिळाले. २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला, २२ दिवस. आणि या २०२६ च्या जानेवारीत २५ तारखेला! संक्रांत आणि रथसप्तमी दोन्ही धरून फक्त १२ दिवस.

आम्ही माल केला होता महिनाभराच्या हिशेबाने. २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन करून घरी आलो तेव्हा कपाटात १९ पूर्ण संच शिल्लक होते. "पुढच्या वर्षी विकू" म्हणून डबे घट्ट बंद केले. आषाढात उघडून पाहिलं तर काटे विरघळून हलवा पुठ्ठ्याला चिकटला होता. साडेसहा हजारांवर नुसत्या सामानाचे पैसे गेले. श्रमाचं तर बोलायलाच नको.

पण त्या श्रमाचं बोलायला हवं, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं. वही घेऊन बसलो. नव्या नवरीच्या एका संचाला सामान ३५० रुपयांचं. हलवा सोडून फक्त ओवणं, चिकटवणं यालाच २० तास. संच विकला ७५० ला. उरले ४००. म्हणजे तासाला २० रुपये! आमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी याहून पुष्कळ जास्त घेतात, आणि घ्यायलाच हव्यात. वर गिऱ्हाईक म्हणतं, "साखरच तर आहे, थोडं कमी करा ना. आपण घरचेच!"

त्या संध्याकाळी आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, बंद करू या. रागाने नाही, थकून. आम्ही कोणी त्यांना चूक म्हटलं नाही.

आपल्या सगळ्यांना लिज्जतचं उदाहरण ठाऊक आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. आम्हीही ते नेहमी सांगत असू. पण पापड वर्षभर खाल्ला जातो, आमचा दागिना वर्षातून काही दिवसच घातला जातो. त्यांच्यासारखं मोठं होण्याची स्वप्नं पाहण्यापेक्षा त्यांची एकच गोष्ट घेण्यासारखी आहे: जी जितकं लाटेल, तिला तितकी मजुरी. आम्ही मजुरी कधी धरतच नव्हतो. उरलं ते आपलं, असं मानत होतो, आणि उरत काहीच नव्हतं.

म्हणून बंद न करता रीत बदलली. आता दागिने तयार करून ठेवायचे नाहीत, मागणी आली की करायचे. मागणी मार्गशीर्षापर्यंत, निम्मे पैसे आगाऊ. मजुरी आधी धरायची, मग किंमत ठरवायची. बोरन्हाणाचे काही संच भाड्याने द्यावेत का, यावर आमच्यात अजून वाद आहे. थोरल्या काकू म्हणतात, हलवा खाण्यासाठी असतो, परत आणण्यासाठी नाही. आणि उरलेल्या महिन्यांत कापसाची वस्त्रं, वाती, राख्या, आकाशकंदील. यंदाच्या गणपतीसाठी वस्त्रमाळा तयार आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो!

यंदा ज्येष्ठ अधिक होता. त्यामुळे रथसप्तमी २०२७ मध्ये १३ फेब्रुवारीला आहे, हंगाम महिनाभराचा. मोह होतोय पुन्हा भरपूर माल करण्याचा. पण करणार नाही.

भगिनींनो, आमचं मागणं दयेचं नाही. ज्यांच्या घरी यंदा लग्न झालंय किंवा बाळ आलंय, त्यांनी दिवाळीनंतर लगेच सांगावं. किंमत पटली नाही तर घेऊ नका, आम्हाला वाईट वाटणार नाही. पण घासाघीस करू नका. आणि एक शेवटचं. थोरल्या काकूंची बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत. आम्हा तिघींना दागिने छान ओवता येतात, पण त्यांच्यासारखा काटा अजून एकीलाही जमलेला नाही. मल्हाररावांच्या नावाच्या या वस्तीत आपली घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हलवा मुंबई-पुण्याहून मागवता येईल, पण हात मागवता येत नाही. पौषात आमच्या अंगणात परात मांडलेली असेल. लेकी-सुनांना पाठवा. मुलगे आले तरी चालतील, निखारा सगळ्यांना सारखाच भाजतो.

गणपती बाप्पा मोरया!