एक बॅटरी उशाशी

हातात धरायच्या बॅटरीचं पेटंट अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना १८९९ साली मिळालं. तेव्हाचे सेल इतके कमजोर, की उजेड क्षणभरच पडायचा. आता एलईडीची बॅटरी कितीतरी रात्री चालते.

पण घरातली एकुलती बॅटरी रात्री पिकाला पाणी द्यायला शेतावर जाते आणि पहाटे अंधारात उठणारी बाई चाचपडत चुलीकडे जाते. तिथंच सरपणात मण्यार असू शकते. ती रात्री फिरते, तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही. म्हणून बायांनो, दुसरी बॅटरी घ्या, उशाशी ठेवा. आधी उजेड, मग पाऊल! साप चावल्याची नुसती शंका आली तरी मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना गाठा.