कमी बांधण्याची कला

वास्तुरचनाकार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर काचेची केबिन, लांबरुंद टेबल आणि त्यावर मांडलेली उंच इमारतीची प्रतिकृती येते. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतली घरे मात्र फार लहान कार्यालयांत आखली जातात. आमचे असेच एक ऑफिस साताऱ्यात आहे. मी, एक सहकारी आणि एक ड्राफ्ट्समन, एवढाच कारभार. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते अशा छोट्या ऑफिसातल्या रोजच्या कामाविषयी. कल्पकता आणि पर्यावरण हे मोठे शब्द तिथे कसे उतरतात, त्याविषयी.

आमचा दिवस सुरू होतो तो फोनने. क्रश सँडची गाडी आली नाही, सेंटरिंगवाला गावाला गेला, नाहीतर शेजाऱ्याने खिडकीला हरकत घेतली! त्यातून वेळ काढून नगरपालिकेत नकाशाची चौकशी, मग साइट, आणि संध्याकाळी चार रेघा ओढायला मिळाल्या तर मिळाल्या. मग कल्पकता कुठे असते? माझे उत्तर असे की, ती अडचणींतच असते. जागा अरुंद, पैसा मोजका, ऊन पश्चिमेचे. यातून वाट काढणे हेच आमचे काम.

एक साधे उदाहरण देते. घराला ऊन किती लागते हे नशिबावर नसते, ते मोजता येते. साताऱ्यात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, तर २१ मार्चच्या सुमारास साधारण ७२ अंशांवर. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर मार्चच्या दुपारी त्याची सावली सुमारे सहा फूट खाली उतरते, म्हणजे अख्खी खिडकी सावलीत. डिसेंबरात तीच सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि हवेहवेसे ऊन घरात येते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे असल्यामुळे छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून त्या बाजूला न्हाणीघर, जिना, कोठीची खोली ठेवायची किंवा बाहेर झाड लावायचे. याला एक पैसा जास्त लागत नाही. लागतो तो फक्त विचार, आणि तोही पाया खणण्यापूर्वी. घर बांधून झाल्यावर मग एसीच लागतो.

हा विचार आपल्या देशात फार मोठ्या माणसांनी केला आहे. लॉरी बेकर जन्माने इंग्रज. पण त्यांनी आयुष्य काढले ते भारतात, आणि २००७ साली त्यांचे निधन झाले तेही तिरुअनंतपुरमला. वापरलेल्या कागदांच्या पाठीवर ते रेखाटने करीत आणि उरलेला निर्णय साइटवर गवंड्याबरोबर घेत. त्यांनी केरळात रुजवलेली विटेची एक रचना म्हणजे रॅट ट्रॅप बाँड. यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. नेहमीच्या नऊ इंची भिंतीला जिथे १०० विटा लागतात तिथे सुमारे ७५ पुरतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे घर थंड राहते. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी हे २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय. अहमदाबादचे त्यांचे 'संगाथ' हे कार्यालय पाहा. निम्मे जमिनीत रुतलेले, वर कमानदार छत, आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे आवरण. ऊन परतवणारे हे आवरण म्हणजे आपल्या गच्च्यांवरचे चायना मोझॅकच की!

आता तुम्ही म्हणाल, विटा चार कमी लागल्या तर असा काय फरक पडतो? पडतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होते. भट्टीला इंधन लागते हे एक कारण, आणि चुनखडी तापली की ती स्वतःच हा वायू सोडते हे दुसरे. म्हणजे भट्टी कितीही सुधारली तरी हा दुसरा भाग उरतोच. म्हणून सर्वांत हिरवे सिमेंट कोणते, तर जे वापरलेच नाही ते.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी आले होते. वडिलोपार्जित घर, दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, वरचे लाकूड वाळवीने पोखरलेले. हाताशी प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे, तेवढेच. मुलाचे म्हणणे होते, सगळे पाडून आरसीसी करावे. त्याची काळजी खोटी नव्हती. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्याच जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि मातीच्या जड छपरांनी किती माणसे गाडली, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. जुने ते सोने असे डोळे मिटून म्हणता येत नाही.

आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून भिंती तपासून घेतल्या. पाया आणि दगड उत्तम होते, धोका होता तो छपराचा आणि भिंतींचे कोपरे एकमेकांना न बांधलेले असण्याचा. मग भिंतींत जागोजागी आरपार दगड बसवले, वरून चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवला आणि जड छपराच्या जागी हलके कौलारू छप्पर घेतले. मागच्या नव्या दोन खोल्या रॅट ट्रॅपच्या भिंतींच्या केल्या. कोपऱ्यांतल्या पोकळीत सळ्या उभ्या करून काँक्रीट भरले.

गवंडी मामांना हे पटेना. "मॅडम, वीट उभी लावली तर ती कंपाउंडची भिंत होती, घराची न्हाई," ते म्हणाले. मी म्हटले, "मामा, आधी तीन फूट बांधून बघू, मग तुम्हीच सांगा." भिंत वाळल्यावर मामा तिच्यावर चढून उभे राहिले, आणि पुढचे काम त्यांनी असे ओळंब्यात केले की गिलावा करायचे गुरुजींनाच जिवावर आले. गुरुजींच्या घरातून शंका आली ती निराळीच: "रॅट ट्रॅप म्हणता, पण भिंतीत उंदीर तर होणार नाहीत ना?" पोकळी सगळीकडून बंद असते हे दाखवल्यावर त्या हसल्या.

पण यात एक मेख आहे, आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. आमचा मोबदला परंपरेने बांधकाम-खर्चाच्या टक्क्यांवर ठरतो. मी डोके लढवून मालकाचे दोन लाख वाचवले की माझीच कमाई घटते. इटालियन मार्बल सुचवला की वाढते. जो कमी बांधायला शिकवतो त्याला दंड, अशी ही रीत! म्हणून आम्ही आता मोबदला क्षेत्रफळावर आणि साइटच्या फेऱ्यांवर आधीच ठरवतो. पहिल्या भेटीत हे बोलणे जरा अवघड वाटते, पण पुढचे सगळे सोपे होते.

तरीही दरवेळी हिशेब जुळतो असे नाही. काही वर्षांपूर्वी एका विकासकाने डोंगरउतारावरच्या चोवीस बंगल्यांचे काम देऊ केले. दीड वर्षाचे पगार त्यातून निघाले असते. अट एकच: उतार कापून सपाट करायचा आणि मधला ओढा पाइपात घालायचा. ओढा मोकळा ठेवून सोळा बंगल्यांचा आराखडा आम्ही करून दाखवला. त्यांना तो नको होता. आम्ही काम सोडले. त्या दिवाळीला बोनस निम्माच देता आला, आणि बंगले दुसऱ्या कुणाच्या तरी नकाशाने उभे राहिलेच. मग नाकारून मिळाले काय? ओढा वाचला असे मी म्हणू शकत नाही. एवढेच सांगते की, सोळा बंगल्यांचा तो आराखडा आमच्या कपाटात आहे, आणि उताराची जागा घेऊन कुणी आले की आम्ही आधी तो टेबलावर पसरतो. आतापर्यंत दोघांनी त्यातले पाणी मोकळे सोडण्याचे तत्त्व उचलले.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी घर बांधायला निघाले असेल तर आपल्या वास्तुरचनाकाराला तीन प्रश्न जरूर विचारा. उभे आहे त्यातले काय ठेवता येईल? पश्चिमेच्या उन्हाचे काय केले आहे? आणि पावसाचे पाणी कुठे जाणार? शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी शंभर लिटर पाणी होते, हे ध्यानात असू द्या. शिवाय एक प्रश्न स्वतःला विचारा: वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळी खोली खरोखरच हवी का? न बांधलेल्या त्या खोलीच्या जागी अंगण राहील, आणि पाहुणे काय, ओसरीवरही आनंदाने झोपतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)