महिना झाला तरी न भरणारी जखम

(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझा विषय 'त्वचेचा कर्करोग' असा छापलाय. तो वाचून लिफ्टमध्ये दोघा-तिघांनी विचारलं, "डॉक्टर, आनंदाच्या वर्षात हे कशाला?" कारण साधं आहे. २५ वर्षांपूर्वी ज्यांनी इथे फ्लॅटच्या किल्ल्या घेतल्या, ते तेव्हा चाळिशी-पंचेचाळिशीत होते. आज सत्तरीला टेकलेत. मी ज्याबद्दल बोलणार आहे तो आजार बहुधा याच वयात दिसतो. आणि लवकर ओळखला तर तो एका लहानशा शस्त्रक्रियेत संपतो.

त्याचं नाव बेसल सेल कार्सिनोमा. आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी पेशींची एक ओळ असते. तिथे नव्या पेशी जन्मतात आणि वर सरकत जातात. वर्षानुवर्षांच्या उन्हातल्या अतिनील किरणांनी या पेशींमधल्या जनुकांना इजा होते. 'पॅच्ड' नावाचा एक जनुक वाढीला ब्रेक लावायचं काम करतो. तो निकामी झाला की पेशी वाढतच सुटते. गोऱ्या कातडीच्या लोकांमध्ये हा सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन जास्त, ते छत्रीचं काम करतं, म्हणून आपल्याकडे प्रमाण कमी. पण कमी म्हणजे नाहीच, असं नव्हे.

आता खरी गोम इथे आहे. इंटरनेटवर फोटो शोधाल तर गुलाबी, मोत्यासारखी चकाकणारी पुळी दिसेल. आपल्याकडे ती पुष्कळदा तशी नसते. ती काळी किंवा काळपट तपकिरी असते. त्यामुळे घरचे म्हणतात, "तीळ आहे, असू दे." किंवा "चामखीळ आहे, चुना लाव." कोणी घोड्याचा केस बांधतं, कोणी ॲसिडने जाळून घेतं. वरचा भाग जातो, खपली धरते, सगळे खूश. खाली मात्र तो शिल्लकच असतो.

मग ओळखायचं कसं? बहुतेक वेळा तो चेहऱ्यावर येतो. नाक, डोळ्याचा नाकाकडचा कोपरा, खालची पापणी, गाल, कानशील. कड किंचित उचललेली, चकचकीत, बारीक मणी ओवल्यासारखी. मध्ये खळगा किंवा खपली. टॉवेलने तोंड पुसताना किंवा दाढी करताना जरासं रक्त येतं, खपली धरते, बरं झालंसं वाटतं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणूनच माणूस दोन-दोन, चार-चार वर्षं काढतो. चष्मेवाल्यांनी विशेष लक्ष द्या. नाकावर चष्म्याची पॅड टेकतात तिथे जखम झाली की आपण चष्म्याला दोष देतो. ठीक आहे, पॅड बदला, फ्रेम सैल करून घ्या. पण महिन्याभरातही जखम भरली नाही, तर दोष चष्म्याचा नाही असं समजून डॉक्टरांना दाखवा.

लगेच आरशासमोर जाऊन घाबरू नका. वय झालं की चेहऱ्यावर, पाठीवर मेण थापल्यासारखे खरखरीत काळे ठिपके येतात, ते बहुतेक निरुपद्रवी असतात. लहानपणापासून जसाच्या तसा असलेला तीळही सहसा निरुपद्रवीच. मला काळजी वाटते ती उतारवयात नव्याने आलेल्या, हळूहळू पसरणाऱ्या आणि मध्ये फुटणाऱ्या डागाची.

हा कर्करोग शरीरात इतरत्र जाण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. मग घाई कशाला, असं कोणी म्हणेल. तर तो जागच्या जागी कुरतडतो. डब्लिनच्या आर्थर जेकब या डॉक्टरांनी १८२७ मध्ये याचं वर्णन केलं. पुढे इंग्रजीत याला उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यावरून नाव पडलं, ते उगीच नाही. नाकाची पाळी, पापणी, खालची कूर्चा, कधी हाडसुद्धा. साबुदाण्याएवढा असताना काढला तर दोन-चार टाक्यांचं काम. पापणी गेल्यावर आलात तर तीच पापणी नव्याने घडवावी लागते, आणि ती मूळच्यासारखी होत नाही.

"सुरी लावली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. बायोप्सीने हा आजार पसरत नाही. जागेवर भूल देऊन कातडीचा लहानसा तुकडा काढतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि तुम्ही त्याच दिवशी घरी येता. निदान पक्कं झालं की भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसकट गाठ काढायची. काढलेला तुकडा तपासायला पाठवलाय ना आणि कडा स्वच्छ निघाल्या ना, हे दोन प्रश्न मात्र न लाजता विचारा. डोळ्या-नाकाजवळच्या अवघड जागी मोह्‌ज पद्धत वापरतात. फ्रेडरिक मोह्‌ज या अमेरिकन सर्जनने १९३०च्या दशकात ती सुरू केली. एक पातळ थर काढायचा, लगेच तपासायचा, पेशी शिल्लक असतील तेवढ्याच जागी पुढचा थर. यात निरोगी कातडी वाचते. ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही त्यांना रेडिएशन देता येतं, अगदी वरवरच्या डागांना काही वेळा मलमही चालतं. मात्र हे कोणाला चालेल ते डॉक्टरांनी ठरवायचं, केमिस्टने नाही. एकदा झालेल्याला दुसरीकडे पुन्हा होऊ शकतो, म्हणून नंतरही तपासणीला जात राहायचं.

उन्हाचं म्हणाल तर सकाळचं फिरणं बंद करू नका. दुपारी गच्चीवर पापड-कुरडया घालताना रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावर पदर घ्या. आपल्या माळीकाकांना आणि वॉचमनलाही एकेक टोपी कमिटीने द्यावी, ही माझी सूचना इतिवृत्तात घ्या.

तपासायला त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सरकारी मेडिकल कॉलेजातही हा विभाग असतो. जाताना चेहऱ्यावर क्रीम-पावडर लावू नका. आणि पाच-सात वर्षांपूर्वीचा एखादा फोटो सोबत न्या, घरच्या लग्नातला चालेल. डाग तेव्हा होता का, केवढा होता, हे आठवणीपेक्षा फोटो चांगलं सांगतो.

आता विचारा, काय विचारायचंय ते.