राजा दीनदयाळ : काच, चांदी आणि काळोख



मी कापडाचा व्यापारी; छायाकलेवर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? तथापि सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या छायाचित्रांचा विषय निघाला, तेव्हा राजा दीनदयाळ यांचे स्मरण झाले. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी हाती कॅमेरा घेतला. पुढे निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमून 'राजा' हा किताब दिला. १८९६ मध्ये त्यांचा स्टुडिओ मुंबईतही उघडला. निजामाच्या मुलुखातील वेरूळ आणि दौलताबाद त्यांनी टिपले, ते आज आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

पण मला अधिक मोह पडतो तो त्यांच्या काळोख्या खोलीचा. आरंभीच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन ओतावयाचे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावयाची आणि ओली आहे तोवरच चित्र घेऊन धुवावयाची. म्हणजे डोंगरावर जायचे तर अंधाराचा तंबूही बरोबर न्यावा लागे. त्या काचेला निळा रंग चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आमच्या दुकानातला लालभडक शालू त्यात काळा उमटला असता आणि आस्मानी लुगडे पांढरे! छपाई उन्हात होई. कागद काचेखाली दाबून ठेवावयाचा. काच जेवढी, चित्र तेवढेच. मग सोन्याच्या क्षारात रंग पक्का करून हायपोत स्थिर करावयाचे आणि पुष्कळ पाण्याने धुवावयाचे. धुण्यात कसूर झाली की चित्र पिवळे पडते, हे रंगाऱ्याला सांगावयास नको.

एक गोष्ट आपल्या सभेत सांगितलीच पाहिजे. त्या काळच्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असे. पुढे कोरड्या काचा आल्या, त्यांवर जिलेटिन, म्हणजे हाडा-कातड्याचा अर्क. जैन घरात जन्मलेल्या या कलावंताने मनाशी काय तडजोड केली असेल, हा प्रश्न मला सोडवत नाही. त्यावर निवाडा देण्यास मी धजत नाही. मात्र तो प्रश्न झाकून त्यांचा गौरव करणेही मला पटत नाही.

१९०५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या, म्हणून तेवढा ठेवा एकत्र राहिला. आपल्या ट्रस्टच्या कपाटातील अल्बम मात्र पनवेलच्या पावसाळ्याने चिकटू लागले आहेत. ती पाने ओढून सोडवू नयेत, चित्रांना लॅमिनेशन करू नये. घरोघरच्या निगेटिव्ह्ज कोरड्या डब्यात ठेवाव्यात. आणि ते चेहरे ओळखणारे वडीलधारे आज समोर बसले आहेत, तोवरच प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत. येत्या रविवारपासून मी पेन्सिल घेऊन कार्यालयात बसणार आहे.