पेशंट पडला कसा?



सोलापूर रस्त्याची वाहतूक भेदून आपण या परिषदेला वेळेवर पोहोचलात, त्याबद्दल आधी अभिनंदन आणि मग मनःपूर्वक स्वागत!

हडपसर मूळचं कालव्याच्या पाण्यावरचं, ऊस आणि भाजीपाल्याचं गाव. इथल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली, हे आपण ऐकलंच असेल. आजच्या विषयाशी जास्त जवळचं नाव इथल्याच सीरम इन्स्टिट्यूटचं. 1966 साली सुरू झालेल्या या संस्थेच्या 'सर्व्हाव्हॅक' या गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखणाऱ्या देशी लशीला 2022 मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा कर्करोगाची परिषद हडपसरला कशाला, असं कुणी विचारू नये.

विचारलं गेलं ते वेगळंच. कर्करोगाचं जीवशास्त्र, रुग्णांचं पडणं आणि हाडा-सांध्यांच्या इजा, ही खिचडी एकाच परिषदेत कशासाठी? मी साधा फॅमिली डॉक्टर. माझ्याकडे पेशंट विभागवार येत नाहीत, म्हणून मला ही खिचडी वाटत नाही. समजा, साठीच्या एक काकू न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. घरचे सांगतात, "फरशी ओली होती." बोलता बोलता कळतं, काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय आणि गोळ्या अजून चालू आहेत. आता प्रश्न असा, की पडल्या म्हणून हाड मोडलं, की हाड मोडलं म्हणून पडल्या?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. 1889 मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. गाठ वाटेल तिथे पसरत नाही, बी मानवेल त्याच जमिनीत रुजतं, असं त्याने मांडलं. हडपसरच्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागणार नाही! हाड ही अशीच एक जमीन. तिथे पोहोचलेल्या कर्करोगाच्या पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. हाड विरघळताना त्यात साठलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात आणि गाठीलाच पोसतात. उपचारांचीही किंमत असते. इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, काही केमोथेरपीने तळपाय बधिर होतात. पायाखाली काय आहे हेच कळलं नाही, तर माणूस तोल कसा सावरणार?

वॉर्डातलं पडणं तर बहुतेक वेळा अगदी साध्या कारणाने घडतं. रात्री लघवीला जायचंय, झोपेच्या गोळीची गुंगी आहे, सलाईनचा स्टँड एका हातात, खाली चटईवर लेक झोपलेली. तिला किंवा सिस्टरला कशाला उठवायचं, म्हणून पेशंट एकटाच निघतो. या भिडेपोटी मोडलेली हाडं कुठल्या शोधनिबंधात मोजली जात असतील असं मला वाटत नाही. परिचारिकांना मात्र ती पाठ असतात. म्हणून पडण्याविषयीच्या सत्रात पहिलं बोलणं त्यांचं ठेवलंय. काही ज्येष्ठांना हे रुचलेलं नाही, त्याला माझा नाइलाज आहे.

आता पुन्हा कर्करोगाच्या पेशींकडे वळू. त्यांच्या अभ्यासाला पुण्याचा वारसा आहे. कर्करोग संशोधक कमल रणदिवे इथे हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या, पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करून त्यांनी 1949 मध्ये डॉक्टरेट मिळवली. देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात उभी केली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आयोजक म्हणून एक मागणं आहे. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी हाडांच्या सत्राला पळ काढू नये, आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी सकाळचं सत्र चहात घालवू नये. जेवण पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, ज्येष्ठांनी कृपया लिफ्ट वापरावी. अध्यक्षांनी आता दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.